अजून बोलतोय

शेजारचे गायकवाडकाका पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले, तेव्हा चहा पार निवेपर्यंत डोळे मिटून डायनिंग टेबलावरून नखांची पाठ फिरवत बसले होते. मग म्हणाले, "टेबल बोलतंय हो तुमचं."

कोऱ्या टेबलाचा हा अपमान बायको अजून विसरलेली नाही. नखाला जराशी खरखर लागली की ती वस्तू 'बोलते'. काहीच लागलं नाही की ती 'गप्प झाली'. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं पॉलिशिंग करून काकांचे कान अधू झाले होते, म्हणून ते नखांनी ऐकत. सोसायटीच्या चेअरमनच्या नव्या गाडीचं बॉनेट त्यांनी असंच कुरवाळलं, तर वॉचमनने शिट्टी मारली. इथे राहायला येण्याआधी, म्हणे, मुलीला सांगून आलेला कॉम्प्युटरवाला मुलगा त्यांनी हस्तांदोलनातच नापास केला. "हात फारच गप्प आहेत."

मग मुलगी, सुजाता, स्वतःच कॉम्प्युटरवाली होऊन ऑस्ट्रेलियाला गेली. काकांचा हा कोथरूडचा फ्लॅट तिनेच घेतलेला. तिकडे ती शीड लावलेल्या फळीवर उभी राहून समुद्रात वाऱ्यावर पळायला शिकली. काकू गेल्यानंतरच्या सुट्टीत येताना तिने त्या फळीच्या पोटाखालचा फायबरचा पर आणला. माशाला असतो तसाच, फळी सरळ ठेवणारा. खडकावर घासून त्याची कड दातरली होती.

"बाबा, याला गप्प करा," म्हणाली आणि परत गेली.

काकांना पुन्हा ड्यूटी लागली. खड्डे रेझिनने भरले. मग गॅलरीत पाण्याचा मग आणि जुन्या चपलेच्या तुकड्याला गुंडाळलेला वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर. परावर पेन्सिलीच्या रेघा ओढायच्या आणि त्या जाईपर्यंत घासायचं. रेघ उरली तिथे खड्डा. आधी ऐंशी नंबरचा खरखरीत पेपर, मग बारीक होत जाणारे दोनशेवीस, चारशे, हजार. मी एकदा म्हटलं, "काका, मासे काय हात लावून बघणारेत?"

"मासे नाही हो. पाणी बघतं."

दर रविवारी सुजाताचा फोन यायचा. काकांचा स्पीकर चालू, त्यामुळे सगळ्या मजल्याला ऐकू जायचं. "बाबा, गप्प झाला का?" "नाही गं, अजून बोलतोय." एवढ्यावरून बापलेक अर्धा तास बोलत.

अखेर दोन हजार नंबरही झाला. काकांनी पर माझ्या हातात दिला. खरंच, नखाला काही लागेना. त्या रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसले. मलाही बसवलं.

"सुजा, गप्प झाला!"

पलीकडून ती म्हणाली, "बाबा, मी ते कधीच सोडलं. फळीसुद्धा विकली. तुमचं मन रमलं होतं, म्हणून बोलले नाही. ठेवा आता आठवण म्हणून."

फोन दोन मिनिटांत संपला. पुढे तो पंधरवड्याने येऊ लागला, मग सणावारी. तिचीही चूक म्हणवत नव्हतं. विचारायला काही उरलंच नव्हतं, आणि मला त्या गुळगुळीत पराचा राग यायला लागला.

गेल्या शनिवारी त्यांच्या गॅलरीतून खरखर ऐकू आली. जाऊन बघतो तर काका त्या आरशासारख्या परावर ऐंशी नंबर आडवा-उभा फिरवत होते.

"अहो काका, काय करताय हे!"

"घर फारच गप्प झालंय हो," ते म्हणाले आणि पर माझ्यापुढे धरला. "बघा बरं."

मी डोळे मिटून नखांची पाठ फिरवली. "बोलतोय, काका. चांगलाच बोलतोय."

"मग उद्या मीच फोन लावतो," काका म्हणाले. "उगाच कसा लावायचा? आता सांगायला काहीतरी झालं."