तात्या आधी हाकलतात

उंब्रजला हायवेच्या कडेला तात्यांची मालिशीची खोली आहे, आणि आलेल्या माणसाला आधी हाकलून देणं ही तिथली पद्धत आहे.

"सूज हाय? जावा. ताप हाय? जावा. काल पडलाय? मग आज माझ्याकडं कशाला?" एवढं ऐकूनही जो उभा राहील, त्यालाच चटई मिळते. चटईवर बोलायचं नाही. कुठं दुखतं हे सांगायला कुणी तोंड उघडलं की तात्या म्हणणार, "मांस सांगतंय न्हवं मला? तुमी कशाला मधी?"

माणसं त्यांना चेहऱ्याने आठवत नाहीत, पाठीने आठवतात. मयताला आले तरी त्यांची नजर तिरडीवर नसते, खांदेकऱ्यांवर असते. माझ्या चुलत्यांना आम्ही नेत होतो. सगळे गहिवरलेले, आणि तात्या माझ्या कानाशी, "गुरुजी, खांदा बदला. डावा आखडलाय तुमचा. ह्यास्नी काय घाई न्हाई आता."

गुण मात्र येतो. शेजारच्या नानांचा हात वर जात नव्हता, सदरा त्यांना काकू घालायच्या. तात्यांनी महिनाभर रोज थोडाथोडा खांदा मोकळा केला. कडाकडा मोडणं नाही की रेटणं नाही. नाना आपला सदरा आपण घालू लागले. काकू म्हणाल्या, "तेवढंच जवळ येत हुतो आमी. त्येबी गेलं."

मध्यंतरी नागपूरहून रात्रभर एसटीत अवघडून आलो आणि माझी डावी पोटरी सुजली. टणक, गरम. तात्यांनी बघितलं आणि पुढे केलेला हात मागे घेतला.

"कराडला चला. सोनोग्राफी."

"तात्या, जरा चोळा की. भ्यालात का काय?"

"व्हय."

मला वाटलं चेष्टा. पण चटईवरच्या माणसाला तसाच पालथा टाकून त्यांनी मला रिक्षात बसवलं.

दवाखान्याच्या बाकावरही माझं तोंड चालूच होतं. "मालिशवालाच मालिशीला भ्यायला लागला, तर गावानं कुठं जायचं?"

तात्या समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "आमच्या मंडळींची पोटरी अशीच सुजली हुती. मला वाटलं, उसात राबून भरून आली. तेल गरम केलं, चांगली दाबली. ती म्हणाली, लय बरं वाटतंय, आजून दाबा. मी दाबली. तासाभरात तिला दम लागला. डागदर म्हणाला, रक्ताची गाठ हुती, ती सुटून वर छातीत गेली."

 नाव पुकारेपर्यंत मी पाय जागचा हलवला नाही.

माझ्या पायात गाठ निघाली नाही. स्नायू ताणलाय, सूज उतरली की हलकी मालिश करा, असं डॉक्टर म्हणाले. सूज उतरल्यावर मी ऐटीत चटईवर पालथा पडलो. तात्यांनी खांदे सोडवले, पाठ सोडवली, वजनावरून मला चार शब्द सुनावले. मग तळहातावर तेल घेऊन पायाशी बसले.

पोटरीवर गरम तेलाचे थेंब पडले. हात काही टेकला नाही.

"तात्या," मी चटईत तोंड खुपसूनच म्हणालो, "रिपोर्ट साफ आहे."

"व्हय," ते म्हणाले, आणि उठून पुन्हा खांद्यापासून सुरुवात केली.