विरंगुळ्याची पडताळणी

आमच्या मंडळातील कर्मचाऱ्यांना कामाचा ताण येतो, ही बाब मंडळाच्या निदर्शनास मार्च महिन्यात आली. त्याआधी ताण येत नव्हता असे नाही. निदर्शनास आलेला नव्हता. आवक विभागातल्या अंकुश शेलारने एका अर्जदाराच्या अर्जाऐवजी त्याच्या तळहातावर 'प्राप्त' असा शिक्का मारला, आणि त्या गृहस्थाने दोन दिवस हात न धुता तो पोच म्हणून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा वरिष्ठांना विषयाचे गांभीर्य पटले.

मंडळाचे नाव किनारी नागरी सोय मंडळ. कार्यालय बेलापूरला, चौथ्या मजल्यावर. मी सुगत गमरे तिथे वरिष्ठ सहायक आहे. माझ्या टेबलावर परवान्यांचे अर्ज येतात आणि राहतात. लोकांना हे काम सोपे वाटते. पण दिवसाला चाळीस माणसांना 'उद्या या' म्हणून सांगायचे, आणि प्रत्येकाला आपण हे आयुष्यात पहिल्यांदाच सांगतोय असा चेहरा ठेवायचा, म्हणजे संध्याकाळपर्यंत जबडा दुखून येतो.

हा दुखरा जबडा घेऊन मी सातच्या सुमारास कामोठ्याला घरी पोचतो. साडेसातला 'पैठणीची घडी' ही मालिका लागते. सोफ्यावर मधे मी, डावीकडे माझी आई दुर्गाबाई, उजवीकडे बायको क्रांती, आणि तिघांत मिळून एक भडंगाचा डबा. मालिकेतली मृण्मयी नावाची सून तेव्हा पाच महिने बेशुद्ध होती. तिची मोठी जाऊ रोज तिच्या उशाशी विषाचा पेला घेऊन यायची आणि रोज कुणीतरी दार वाजवायचे. आई त्या जावेला मंडणगडच्या ठेवणीतल्या शिव्या द्यायची, क्रांती मृण्मयीच्या लिपस्टिकवर शंका काढायची, आणि मी दोघींना गप्प बसवता बसवता स्वतःच रडायचो. दिवसभरात माझ्याशी कुणी माणसासारखे बोलले असेल तर ते याच अर्ध्या तासात. हे मी कार्यालयात कधीही सांगितलेले नाही.

तर उपसंचालक साहेबांनी मला बोलावून 'कर्मचारी विरंगुळा योजने'चा मसुदा करायला सांगितले. मसुदा लिहिण्यात माझा हात धरणारा मंडळात कोणी नाही, असे माझे मत आहे. याबाबत इतरांची मते मी मागवलेली नाहीत. साहेबांना एवढेच हवे होते की प्रत्येकाने घरी गेल्यावर अर्धा तास आवडीचा टीव्ही कार्यक्रम पाहावा. एका ओळीचे काम. पण एका ओळीचे परिपत्रक काढले तर लोक ते समजून घेतील आणि मग आपल्याला कोण विचारणार? मी अकरा पाने लिहिली.

त्यात 'नमुना व-१' होता. रकाना चारमध्ये कार्यक्रमाचे नाव, पाचमध्ये आवडण्याचे कारण, सहामध्ये कार्यक्रमाचे शैक्षणिक मूल्य. एकदा नोंदवलेला कार्यक्रम तीन वर्षे बदलता येणार नाही. रोज विरंगुळा दैनंदिनी भरावी, ताण किती टक्के कमी झाला ते लिहावे. पडताळणी अधिकारी पूर्वसूचना न देता घरी येतील. नोंदवलेल्या कार्यक्रमाऐवजी दुसरे काही पाहताना आढळल्यास सेवापुस्तकात तशी नोंद होईल. आणि कलम नऊ, ज्याचा मला विशेष अभिमान होता: 'कुटुंबातील इतर सदस्यांच्या आवडीनिवडी विचारात घेतल्या जाणार नाहीत.' साहेब वाचून म्हणाले, "गमरे, यातून सुटायला कुणाला जागाच नाही." मी लाजलो.

नमुने वाटले गेले. मी माझ्या नमुन्यात पेन्सिलीने 'पैठणीची घडी' लिहिलेही होते. मग सहज शेजारी डोकावलो. अंकुशने लिहिले होते, 'संसदेतील चर्चा'. पलीकडच्या ज्ञानेश्वरीबाईंनी 'शास्त्रीय गायनाची मैफल'. शिपायाने जागतिक अर्थव्यवस्थेवरचा कार्यक्रम नोंदवला होता. आता मसुदाकारानेच सुनेच्या बेशुद्धीवर रडतो म्हणून सहीनिशी लिहून द्यायचे? मी पेन्सिलीचे खोडले आणि शाईने लिहिले: 'सागरतळ', समुद्राच्या तळाची माहिती देणारी इंग्रजी मालिका. शैक्षणिक मूल्य: अथांग.

'सागरतळ' साडेसातलाच लागते, हे मला घरी गेल्यावर कळले.

"अरे सुगत, मासे काय बघतोस?" आईने विचारले. "मासे काय आपण बघितले नाय? लाव तिकडे, ती जाऊ पेला घेऊन निघाली असेल."

"आई, हे ऑफिसचं आहे."

"ऑफिसचं काम घरी आणू नको म्हणून तुझे बाबा सांगायचे."

"काम नाही गं. हा विरंगुळा आहे."

क्रांतीने माझ्याकडे पाहिले. ती कळंबोलीच्या शाळेत शिकवते. थापा ओळखण्याचा तिला रोजचा सराव आहे. "कलम कितवं?" तिने विचारले.

"नऊ," मी म्हणालो आणि ते वाचून दाखवले.

तिने भडंगाचा डबा उचलला. दुसऱ्या दिवसापासून त्या दोघी स्वयंपाकघरात ओट्याला फोन टेकवून मालिका पाहू लागल्या. मी हॉलमध्ये एकटा. पडद्यावर काळ्याशार पाण्यात एक पांढरा, डोळे नसलेला प्राणी काहीही न करता पडलेला असायचा, आणि आतून सनईचे करुण सूर यायचे, मग आईची शिवी, मग क्रांतीचे हसणे. मला आत जाता येत नव्हते, कारण पडताळणी केव्हाही होऊ शकत होती. मालिका मागाहून फोनवर बघता आली असती, नाही असे नाही; पण एकट्याने रडण्यात काय मजा? त्या दिवसांत मला खरोखर फार वाईट वाटत होते. दैनंदिनीत मी लिहीत होतो: ताण चाळीस टक्के कमी.

महिनाभराने मी कार्यक्रम बदलण्याचा अर्ज केला. विरंगुळा योजनेचे अर्ज माझ्याच टेबलावर येत असल्याने तो माझ्याच टेबलावर आला. मी नियम पाहिला. तीन वर्षे झालेली नव्हती. मी मला उद्या यायला सांगितले.

आणि मग बातमी आली की येत्या शुक्रवारी मृण्मयी शुद्धीवर येणार. जाहिरातीत तिचे बोट हललेले दाखवत होते. आईने मला ते तीनदा सांगितले आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "एक दिवस ये रे आत. तुझ्याशिवाय मला कळत नाय, रडायचं कुठे ते." मी रजेचा अर्ज करावा का, याचाही विचार केला, पण विरंगुळ्यातून रजा घेण्याची तरतूद मी ठेवलेली नव्हती.

शुक्रवारी सात वाजून पंचवीस मिनिटांनी बेल वाजली. दारात पडताळणी अधिकारी सयाजी निकम उभे. मूळचे कोरेगावचे, राहायला सानपाड्याला, निवृत्तीला चार महिने. काखेत फाइल, चेहरा उतरलेला. त्यांनी चपला काढल्या, पाणी घेतले आणि सोफ्यावर माझ्या शेजारी बसून मांडीवर नमुना ठेवला.

"लावा," ते म्हणाले.

मी समुद्र लावला. तळाशी काकडीसारखा एक जीव चिखल खात होता. पाच मिनिटे आम्ही दोघांनी तो पाहिला. निकमांनी लिहिले: 'कर्मचारी एकाग्र.' तेवढ्यात स्वयंपाकघरातून सनई सुरू झाली. निकमांचे पेन थांबले.

"आत काय चाललंय?"

"स्वयंपाक," मी म्हणालो.

"स्वयंपाकाला सनई लागती व्हय?"

माझ्या डोळ्यांसमोर माझे सेवापुस्तक उभे राहिले, आणि त्यात लाल शाईने माझेच कलम. निकम उठले. त्यांनी दाराकडे पाहिले, मग स्वयंपाकघराकडे, आणि अगदी खालच्या आवाजात विचारले, "गमरे, ती आज उठणार म्हणत्यात. खरं का?"

"कोण?"

"आता कोण म्हंजी? मृण्मयी!" ते म्हणाले. "पाच आठवडं झालं, साडेसात ते आठ मी लोकांच्या घरात बसतोय. कुठं तबला, कुठं संसद. घरी आमची शकुबाई एकटीच बघती आन् जेवताना अर्धवट सांगती. काल तर म्हणली, तुम्हाला सांगून काय उपेग. बत्तीस वर्षांच्या संसारात मला असं कधी बोलली नव्हती ओ."

मी रिमोट उचलला. सांगायला हरकत नाही, त्या क्षणी मला कुठलेही कलम आठवले नाही. आई आणि क्रांती डबा घेऊन बाहेर आल्या. निकमांना मधे बसवले. जाऊ पेला घेऊन जिना चढत होती. आईने शिवी दिली, निकमांनी साताऱ्याकडची त्याहून सरस दिली, आणि आईने त्यांच्याकडे आदराने पाहिले. सात एकोणसाठला मृण्मयीने डोळे उघडले. आम्ही चौघेही रडलो. क्रांतीसुद्धा, लिपस्टिक जशीच्या तशी असूनही.

निकमांनी रुमालाने डोळे पुसले, चष्मा लावला आणि शेरा लिहिला: 'कर्मचारी सागरतळ हा कार्यक्रम पाहताना आढळले. संपूर्ण कुटुंब समुद्राविषयी अत्यंत संवेदनशील आहे.' खाली सही केली. आईने त्यांना डाळिंब्यांची उसळ खाल्ल्याशिवाय सोडले नाही.

असे अहवाल सगळ्यांचेच गेले. त्यावरून वरिष्ठांनी निष्कर्ष काढला की मंडळातील शंभर टक्के कर्मचारी सुसंस्कृत आणि ताणमुक्त आहेत. तरीही कामे होत नाहीत, त्याअर्थी ताण कर्मचाऱ्यांना नसून अर्जदारांना असला पाहिजे. पुढच्याच आठवड्यात परिपत्रक निघाले: यापुढे प्रत्येक परवान्याच्या अर्जासोबत अर्जदाराचा नमुना व-१ जोडावा. मसुदा अर्थातच माझा.

पहिल्याच दिवशी केशरबाई आल्या. या मोरा गावच्या कोळीण. बंदरापाशी मासळी सुकवायच्या जागेवर चार पत्रे टाकायचा परवाना त्यांना हवा होता. सात महिने त्या येत होत्या आणि सात महिने मी त्यांना पहिल्यांदाच सांगत होतो. कागद सगळे पुरे होते. त्यामुळेच मला फार अडचण व्हायची. मी नमुना पुढे केला.

"यो आता काय नवीन?"

"दमून घरी गेल्यावर टीव्हीवर काय बघता, ते लिहायचं." मग मी आवाज उतरवून, केवळ आपुलकीने म्हणालो, "काहीतरी चांगलं लिहा. समुद्राचं लिहा. लगेच मंजूर होतं."

"समिंदर?" केशरबाईंनी माझ्याकडे नीट पाहिले. "सायेब, तितं आमी कामाला जातो. त्याचा कसला इरंगुला?" आणि त्यांनी माझ्या समोर, ठसठशीत अक्षरात, न लाजता लिहिले: 'पैठणीची घडी'. कारणाच्या रकान्यात लिहिले: 'बरं वाटतं'. शैक्षणिक मूल्याचा रकाना कोरा ठेवला.

गेल्या तीन महिन्यांत मंडळात आलेला तो एकमेव खरा नमुना होता. मी तो नियमानुसार परत केला. रकाना सहा रिकामा होता. "उद्या या," मी म्हणालो.

केशरबाई हसल्या. रागावल्या असत्या तर मला जमले असते, त्याची सवय आहे. "ती सात महिन्यांनी उठली हाय सायेब," त्या म्हणाल्या. "तुमी कवा उठनार?"

त्यांची फाइल मी त्या दिवशी गठ्ठ्यात तळाशी होती ती वर काढली. चार दिवस वरच ठेवली. मग वर आणखी फायली आल्या. मी काय करू शकतो?

दरम्यान निकमांचा तो शेरा माझ्या फार उपयोगी पडला. समुद्राविषयीची संवेदनशीलता पाहून साहेबांनी निकमांच्या जागी पडताळणी अधिकारी म्हणून माझी नेमणूक केली. बढतीच म्हणायची. आता रोज साडेसात ते आठ मी लोकांच्या सोफ्यावर असतो. घरी आई आणि क्रांती हॉलमध्ये बसतात, मधली जागा मोकळी असते, आणि जेवताना आई मला अर्धवट सांगते.

योजना लवकरच सर्व नागरिकांना लागू होत आहे, म्हणून वाचकहो, तुम्हाला आगाऊ सांगून ठेवतो. तुमच्या दारातही नमुना येईल, आणि रकाना चारमध्ये तुम्ही काय लिहिणार ते मला माहीत आहे. 'दर्जेदार मराठी साहित्याचे वाचन.' लिहा. मी त्याला हरकत घेणार नाही; आत्ता हे वाचताना समोरच्या टीव्हीचा नुसता आवाज बंद केला होतात, हेही मी अहवालात आणणार नाही. मी येईन तेव्हा पुस्तक मांडीवर उघडे असू द्या, बाकी सगळे मी लिहून देतो. फक्त आवाज तेवढा मोठा करा. आणि सोफ्यावर मधे, दोन माणसांत, मला थोडी जागा द्या.