प्रेम झंकारचं माप

"मलकापूरच्या स्टेजवर प्रेम झंकार माह्या हातचा लबादा घालून उभा नाही राह्यला, तर मी शालूबाई नाव लावनार नाही!"

ही घोषणा झाली बीबी गावच्या आठवडी बाजारात, वांग्यांच्या ढिगासमोर आणि एवढ्या खणखणीत आवाजात की वांगेवालीचा तराजू हवेतच थांबला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. उरलेल्यांना शालूबाईने स्वतः जाऊन सांगितलं.

आता प्रेम झंकार कोण, असं विचारणाऱ्या तरुण मंडळींची मला कीव येते. शेहेचाळीस वर्षं गाणारा माणूस! शालूबाईने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते मलकापूरला, मामाच्या गावी. कापसाचा हंगाम सुरू झाला म्हणून जिनिंगवाल्यांनी आवारात गाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. कापसाच्या गाठी रचून स्टेज केलेलं. त्यावर पंचवीस वर्षांचा प्रेम झंकार चढला. पांढरी बेलबॉटम, बाह्यांवर आरसे, कमरेच्या पट्ट्याला पुरणपोळीएवढं बक्कल! त्याने तान घेतली, प्रेक्षकांकडे पाठ केली आणि डाव्या पायाने मागच्या मागे अशी लाथ झाडली की गाठीतून कापूस उडाला. बायकांनी पदर तोंडाला लावले, बाप्यांनी शिट्ट्या मारल्या. एकोणीस वर्षांच्या शालूचं तोंड उघडंच राहिलं आणि त्यात कापसाचा एक बोळा जाऊन बसला. ती आजही सांगते, "तो मी थुकला नाही. गिळला!"

पुढे कॅसेटी आल्या, गेल्या. सीडी आल्या, त्यांची लोकांनी पाखरं हाकलायला शेतात तोरणं केली. झंकारबरोबरच्या गायकांपैकी कोणी हॉटेल काढलं, कोणी राजकारणात गेलं. हा गडी मात्र तिथेच, स्टेजवर. एकाहत्तर वर्षांचा झाला, आवाज जरा बसला, पट्ट्याला चार भोकं वाढली, पण आरसे तेवढेच आणि मागची ती लाथ कायम!

शालूबाईचे मालक उकंडराव यांना मात्र हे कौतुक कधी पचलं नाही.

"मानूस हाय का पोळ्याचा बैल? एवढं सजते का कोनी!"

"सजते म्हनून टिकला तो! तुमी नाही सजले, पाहा काय झालं!"

हा संवाद त्या घरात दर महिन्याला एकदा होतोच.

यंदा मात्र शालूबाईच्या मनाला लागलं होतं. नात प्रेरणाने मोबाईल दाखवला, तर झंकारच्या गाण्याखाली लोकांनी लिहिलेलं, 'बाबा, आता घरी बसा.' 'लाथ मारताना कंबर सांभाळा.' मलकापूरचा कार्यक्रम शेवटचाच असेल, अशीही कुजबुज होती. शालूबाईने चष्मा काढून पुसला. दुसऱ्याच दिवशी ती अब्दुल गनी टेलरच्या दुकानात जाऊन लाल मखमल निवडून आली. खांद्यावरून टाचेपर्यंत लोळणारा, गळ्याशी बंद असलेला झगा शिवायचा. अब्दुल गनी त्याला लबादा म्हणाला, म्हणून सगळे लबादा म्हणू लागले. सहा महिने शालूबाई त्यावर गोटा, टिकल्या आणि आरसे लावत होती. शिवून झालेला भाग दुकानातच झाकून ठेवायची.

"गनीभाई, आमच्या घरी कोनाले दाखवू नका. हसतीन."

"तौबा भाभी, आपली जबान म्हंजे बंद बटन!"

बटण एकाच बाजूने बंद होतं असं नाही. त्याच मखमलीचं ताग्यात उरलेलं सगळं कापड उकंडरावांनी गुपचूप घेतलं होतं. त्यांचा बैल सर्जा बारा वर्षांचा झालेला. गेल्या पोळ्याला त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही, सगळे त्या कोवळ्या गोऱ्ह्यांच्या मागे. म्हणून सर्जासाठी नवी झूल! तीही उकंडराव स्वतः शिवत होते, त्याच दुकानात बसून, दुपारी, बायको घरी असेल तेव्हा. तिच्यावर काय लिहायचं ते मुलगा गजेंद्रने सुचवलं.

"गनीभाई, घरी सांगू नको बे. जिंदगीभर हसन ते."

"तौबा, तौबा!"

पोळ्याच्या आधी दोन्ही गठ्ठे तयार झाले. एकाच लाल मखमलीचे, एकाच वर्तमानपत्रात बांधलेले, एकाच सुतळीने आवळलेले. अब्दुल गनी नमाजाला गेला होता. त्याची बायको खुर्शीदा दुकानात होती. तिने एक गठ्ठा शालूबाईला दिला, दुसरा तासाभराने उकंडरावांना.

"जड झाला वं लय, वाजते बी," शालूबाई घरी येताना प्रेरणाला म्हणाली. "आरसे का कमी लावले मी!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी पहाटेच्या एसटीने आजी-नात निघाल्या. गठ्ठा मांडीवर. सुतळीला सात गाठी. प्रेरणा म्हणाली, "आजी, एकदा उघडून पाहू ना." आजी म्हणाली, "देवाचा प्रसाद बसमध्ये उघडते का कोनी?"

दुपारी मलकापूरच्या मंगल कार्यालयात मागच्या दाराशी झंकारचा व्यवस्थापक भेटला. निवृत्ती नावाचा सज्जन गृहस्थ.

"नवा पोशाख? आजी, तुम्ही देवासारख्या आल्या! साहेबांचा जुना कालच काखेत उसवला. लगेच देतो."

शालूबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. ती तिसऱ्या रांगेत जाऊन बसली आणि आजूबाजूच्या सात जणांना तिने सांगितलं, की आता जे घालून तो येईल ते पाहा, ते माह्या हातचं. चार वाजले. वाद्यं लागली. आणि पिशवीतला मोबाईल वाजला.

"अवं, आयकतं का?" उकंडराव. "सर्जाले धुतलं, हळद-लोण्यानं खांदे मळले, आता झूल टाकून पाह्यली. एवढीशी काऊन हाय ते? आन् हिले गळ्यापाशी बंद काऊन हाय?"

"कोनती झूल?"

"अवं मीच शिवली! म्हंजे... शिवली. जाऊ दे. हिच्यावर आरसेच आरसे! सर्जा सोताले पाहून हंबरून राह्यला!"

शालूबाईच्या हातातून मोबाईल पडला. तो प्रेरणाने झेलला. शालूबाई उठली, सात जणांच्या पायांवरून गेली आणि मागच्या दाराशी पोचली. तिथे उंच दांडगा पहारेकरी.

"थांबवा त्यायले! त्यायनं अंगात घातलं ते बैलाचं हाय!"

"आजी, तोंड सांभाळून बोला. मोठा कलाकार आहे."

"अरे बाप्पा, मी त्यायले बैल नाही म्हनत! बैलाचं त्यायले दिलं म्हनते!"

"बैलाचं काय दिलं?"

"झूल! आन् त्यायचं बैलाले दिलं!"

"म्हणजे ते दोघं ओळखतात एकमेकांना?"

"आजी," प्रेरणा कळवळून म्हणाली, "तू बोलू नको. बोलली की अजून बिघडते!"

तेवढ्यात दिवे मंद झाले, ढोल घुमला आणि प्रेम झंकार स्टेजवर आला. छुन्न! छुन्न! झुलीच्या चारी कडांना घुंगरं होती. सर्जाच्या वशिंडासाठी मधोमध ठेवलेल्या भोकातून झंकारने ऐटीत डोकं बाहेर काढलं होतं. छातीवर सोनेरी अक्षरांत 'सर्जा'. पोटावर 'मु. पो. बीबी'. शालूबाईने डोळे मिटले. मग एक उघडला. खरं सांगायचं तर, त्याला शोभत होतं!

त्याने तान घेतली. लोक गप्प. कुठे कुठे खुसखुस. मग त्याने नेहमीप्रमाणे प्रेक्षकांकडे पाठ केली. पाठीवर, हातहातभर अक्षरांत, गजेंद्रच्या सल्ल्याने आणि उकंडरावांच्या सुईने लिहिलं होतं:

मागून येऊ नका. लाथ मारतो!

आणि त्याच क्षणी त्याने लाथ मारली.

मंगल कार्यालय फुटलं! म्हातारे खुर्च्यांवर चढले. पोरं शिट्ट्या मारमारून निळी पडली. शेहेचाळीस वर्षांत ही लाथ एवढी कोणाला समजली नव्हती! झंकारला वाटलं, आज रंग चढला. त्याने पुन्हा पाठ केली, पुन्हा लाथ. पुन्हा गडगडाट. तिसऱ्यांदा मात्र ढोलकीवाला हसता हसता ढोलकीवरच आडवा झाला. झंकार थबकला. त्याने झुलीचा मागचा भाग पुढे ओढून वाचला. मग छातीवरचं वाचलं. वाद्यं बंद पडली.

"हे कोणी शिवलं?" त्याने माईकवर विचारलं.

शालूबाई मागच्या दारातून ऐकत होती. तो आता स्टेज सोडून गेला तर? हाच त्याचा शेवटचा कार्यक्रम आणि शेवट असा? सभागृहात बीबीचे पाच-सहा जण बसलेले. हो म्हणावं तरी लाज, नाही म्हणावं तर बाजारातली घोषणा वाया! पहारेकरीही हसून हसून बाजूला झाला होता. शालूबाई पदर खोचून स्टेजवर चढली.

"मी नाही शिवलं," ती माईकसमोर म्हणाली. "माह्या मालकानं शिवलं, आमच्या सर्जासाठी. बैल हाय आमचा. तुमच्यासाठी म्या शिवला होता, सहा महिने. अदलाबदल झाली. तुमचा आता त्याच्या अंगावर हाय."

पुन्हा हशा उसळला. झंकार हसला नाही. त्याने हात वर केला तशी शांतता झाली. मग शेहेचाळीस वर्षांची ती स्टेजवरची शुद्ध भाषा त्याने बाजूला ठेवली.

"केवढा हाय सर्जा?"

"बारा वर्साचा."

"काम करते अजून?"

"एक दिवसाचा खाडा नाही!"

"म्हातारा झाला, आता बसवा, असं कोनी म्हनत नाही?"

"लय जन म्हनते! ट्रॅक्टर घ्या म्हने."

"मंग?"

"मंग काय! ट्रॅक्टर पोळ्याले सजते का?"

झंकारने झूल खांद्यांवर नीट सावरली. घुंगरं वाजली.

"मंग माप बरोबर हाय, बाई. हे माहंच माप हाय. आन् ज्यायनं मले घरी बसाले सांगतलं, त्यायनं पाठीवरचं वाचून घ्या!"

त्याने ढोलकीवाल्याला इशारा केला, पाठ केली आणि लाथ मारली. शालूबाई शपथेवर सांगते, ती लाथ जिनिंगच्या आवारातल्या लाथेपेक्षा उंच गेली होती. प्रेरणाच्या मोबाईलमध्ये ती गुडघ्याएवढीच दिसते, पण मोबाईलला काय कळतं! त्या संध्याकाळी तो तीन तास गायला. शालूबाईने पासष्टाव्या वर्षी पहिली शिट्टी मारली. वाजली नाही, पण मारली.

दुसऱ्या दिवशी पोळ्याला सर्जा लबादा घालून मारुतीसमोर उभा राहिला. उन्हात आरसे असे तळपले की कोवळे गोऱ्हे बिचकून मागे सरले. पहिला नंबर सर्जाचा! शालूबाईच्या सहा महिन्यांच्या कामाचं अख्ख्या बीबीने कौतुक केलं. फक्त ते बैलाच्या अंगावर होतं, एवढंच.

झूल झंकारने परत दिलीच नाही. तो शेवटचा कार्यक्रमही शेवटचा ठरला नाही. आता तो जिथे जातो तिथे तीच घालतो. आणि उकंडराव? पंचेचाळीस वर्षं त्याला पोळ्याचा बैल म्हणणारे उकंडराव पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवतात. "प्रेम झंकार पाह्यला का? त्याचा शिंपी म्या हाय!"

दिवाळीनंतर पोस्टाने एक जाड पाकीट आलं. प्रेम झंकारकडून! शालूबाईने हात धुतले, लुगडं बदललं, देवासमोर बसून पाकीट फोडलं. आत त्याचा मोठा रंगीत फोटो, झुलीसकट, लाथ हवेत. खाली त्याच्या हातचं लिहिलेलं:

'माझा दोस्त सर्जा यास, सप्रेम.'

शालूबाईने उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं.

"ज्याचा हाय त्याच्यापाशी लावा," उकंडराव मिशीत हसत म्हणाले.

तिने फोटो मुकाट्याने गोठ्यात लावला. पण खिळा ठोकताना इकडेतिकडे पाहून जागा अशी धरली, की सर्जाला तो पाहायचा तर मान वळवावी लागते आणि तिच्या चुलीपुढून मात्र सरळ दिसतो.