वापरलेल्या तेलाचा भाव

वापरलेले तेल ताज्या तेलापेक्षा मौल्यवान असते, हे कळायला तळणवाल्याची पन्नाशी उलटावी लागली. चौकातल्या दुकानात तो आणि त्याची बायको बटाट्याचे काप तळून विकत आणि कढईत उरलेले काळे तेल तो मागच्या गटारात ओतून देई. एका सकाळी इंधन खात्याचे निरीक्षक आले आणि गटाराकडे पाहून हळहळले.

"अहो, हा हरित कच्चा माल आहे. यापासून गाड्यांचं इंधन होतं. टाकाऊ मालाला अनुदान आहे, त्यामुळे कारखाना तुम्हाला ताज्या तेलाच्या दीडपट भाव देईल."

"मग ताजंच दिलं तर?"

निरीक्षक दुखावले. "ते अन्न आहे. अन्न जाळणं नीतीला धरून नाही."

तळणवाल्याचा मेहुणा हिशेबात पक्का होता. त्याने दुकानात दिवसभर बसून धंद्यातली गळती शोधून काढली.

"दाजी, गळती म्हणजे गिऱ्हाईक. पैसे देतं कापाचे आणि पोटात घालून नेतं हरित कच्चा माल."

आधी काप फडक्यात दाबून, पिळून देण्यात आले. तरी बटाटा तेल प्यायचा तो प्यायचाच. शेवटी बटाटा बंद झाला.

"मग तळायचं काय?" बायकोने विचारले.

"तेल, ताई," मेहुणा म्हणाला.

ताजे तेल कढईत ओतायचे, काळे होईपर्यंत उकळायचे आणि पिंपात भरायचे. यावर निरीक्षकांनी एकच हरकत घेतली. तेल वापरले असे म्हणायला त्याचा अन्नाशी संबंध यायला हवा.

"किती संबंध?"

"नियमात प्रमाण दिलेलं नाही."

तेव्हापासून बायको तारेला बांधलेला एक काप प्रत्येक कढईत बुडवून काढू लागली. कागदासारखे पातळ काप करणारा तिचा हात. तो आता दिवसभर तार धरून असे. कापाचा कोळसा झाला तेव्हा निरीक्षकांनी 'टिकाऊ अन्न' म्हणून त्याला मान्यता दिली.

शेगडीही कारखान्याच्याच हरित इंधनावर चाले. पाहता पाहता गावातली सगळी तळणाची दुकाने याच मार्गाला लागली. कारखान्याचे निम्मे इंधन तेल काळे करण्यातच जळू लागले. मागणी वाढली म्हणून खात्याने आनंद व्यक्त केला. वाण्याकडचे तेल मात्र दिसेनासे झाले.

"उकडलेलंच किती दिवस खायचं?" तळणवाला एकदा जेवताना म्हणाला. "थोडं तेल घाल की."

"कुठलं? काळं खाता येत नाही आणि ताजं तुम्ही शिल्लक ठेवत नाही."

नजर चुकवून तो पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी तो पिंपे पोचवायला गेला असताना बायकोने तार खाली ठेवली. बटाटे आणले, सोलले, कापले आणि काळे करायला आणलेल्या ताज्या तेलात तळले. वासाने सगळा चौक लोटला. तिने पैसे घेतले नाहीत. निवृत्त मास्तर डोळे पुसत म्हणाले, "बाई, जीव परत आला बघा."

वासाने निरीक्षकही आले. औद्योगिक कच्चा माल अन्नासाठी वापरल्याबद्दल त्यांनी कढई जप्त केली आणि बाईंना गाडीत बसवले. तळणवाला धापा टाकत परतला तेव्हा गाडी निघतच होती.

"साहेब, तिनं फक्त स्वयंपाक केला हो."

"तेच म्हणतोय मी," निरीक्षक म्हणाले. "आता काप खाल्लेले साक्षीदार हवेत. साक्ष देणाऱ्याला इंधनात महिनाभर सवलत मिळेल."

मास्तर घसा खाकरून पुढे झाले आणि त्यांच्यामागे रांग लागली. जबान्या अंधार पडेपर्यंत चालल्या. प्रत्येकाने बाईंच्या हाताच्या चवीची तोंड भरून स्तुती केली, त्यामुळे गुन्हा शाबीत व्हायला अडचण आली नाही. तळणवाला पायरीवर बसून एकेकाचे तोंड पाहत होता.

रांगेत तुम्हीही होतात; तुमची जबानी थोडक्यात आटोपली. सहीच्या जागी तेवढा बोटांचा तेलकट डाग पडला आहे.