अठरा किलोंचा हात

बायकोचं शिलाई मशीन पोटासमोर लटकवून तो दिवाणखान्याच्या मधोमध उभा होता, आणि नेमकी तेव्हाच बायको घरात आली.

"माझं मशीन हवेत का आहे?"

प्रश्न रास्त होता. कोपऱ्यातलं मशीनचं टेबल बोडकं पडलं होतं. वरचं लोखंडी धूड एका दांड्याला बांधलेलं, दांडा स्प्रिंगच्या हातावर, हात जाड पट्ट्यांच्या जाकिटावर आणि जाकीट त्याच्या अंगात. मशीनखाली इस्त्री आणि पिठाचा डबाही लोंबत होता.

"उद्याची तयारी गं," तो कण्हत म्हणाला. "उद्या चुकलं तर मी संपलो. मग मशीन कुठेही ठेव."

तो कॅमेरामन होता. चालता चालता चित्र घ्यायचं आणि ते हलू द्यायचं नाही, यावर त्याचं घर चालत होतं. त्या कामासाठी हा स्प्रिंगचा हात. पान्याने त्याच्या स्प्रिंगा वजनाला लागतील तेवढ्याच आवळल्या, की हात जमिनीला समांतर तरंगतो आणि माणूस जिना उतरला तरी कॅमेऱ्याला पत्ता लागत नाही. कमी आवळल्या तर कॅमेरा खाली बसतो, जास्त आवळल्या तर वर निघतो. शास्त्र म्हणायचं तर एवढंच. आणि एवढ्याशा शास्त्राने गेल्या आठवड्यात त्याची पार शोभा केली होती.

या सिनेमासाठी दिग्दर्शकाने कुठूनसा जुना, अवजड कॅमेरा आणला होता. भिंग, बॅटरी, सगळं धरून अठरा किलो. तो भाड्याचा, त्यामुळे शूटिंगच्या वेळेपुरताच हाती मिळे. म्हणून गेल्या आठवड्यात त्याने घरच्या वजनकाट्यावर मशीन आणि इस्त्री ठेवून बरोबर अठरा किलो भरवले होते आणि त्या वजनाला स्प्रिंगचा हात जुळवून नेला होता. सेटवर नायिका दारापासून खिडकीपर्यंत रडत जाणार होती, मध्ये कुठेही न थांबता. कॅमेरा निघाला तिच्या चेहऱ्यावरून. ती खोलीच्या मध्यावर आली तेव्हा तो तिच्या कमरेवर होता, आणि खिडकीशी तिने हंबरडा फोडला तेव्हा पडद्यावर फक्त चपला दिसत होत्या. मग त्याने पाना काढला आणि उजेड जाईपर्यंत तो स्प्रिंगाच पिळत बसला. त्या दिवसापासून सेटवर सगळे त्याला 'लिफ्टमन' म्हणू लागले. चहावाला कप देताना विचारायचा, "काय, तळमजला आला का?"

दिग्दर्शक हसला नव्हता. "पुढच्या आठवड्यात आजोबांचा मरणाचा शॉट आहे," तो म्हणाला होता. "आजोबा एकदाच मरतात, दुसरा टेक देत नाहीत. स्प्रिंगचा हात घरून जुळवून आणायचा. सेटवर तुमचा पाना दिसला, तर त्यानंतर तुम्ही दिसणार नाही. माझा मेव्हणा मोकळाच बसलाय."

तेव्हापासून त्याला झोपेतही मेव्हणा दिसत होता.

"अहो, पण या वेळी पिठाचा डबा कशाला?" बायकोने विचारलं.

"तीच तर गंमत! गेल्या वेळी मशीन आणि इस्त्रीतच अठरा भरले होते. आज काट्यावर ठेवतो तर कितीतरी कमी! म्हणजे गेल्या वेळी मीच काटा नीट वाचला नव्हता. आज पिठाचा डबा चढवला तेव्हा कुठे अठरा झाले." आपलीच चूक सापडल्याचा त्याला इतका आनंद झाला होता की पुढे काही विचारायचं त्याला सुचलंच नाही.

सासूबाई आतून आल्या. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून त्या रोज सकाळी काट्यावर उभ्या राहत आणि लेक बाजूला उभी राहून आकडा बघे. मध्यंतरी त्या नुसत्या भाजीवर असतानाही वजन वाढलं होतं, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. आज मात्र स्वारी खुशीत होती.

"जावईबापू, माझं उतरलं हो! चांगलं पाच-सहा किलो."

"आठवड्यात?" बायकोने भुवई चढवली.

"मनावर घेतलं की होतं सगळं."

"तुमचं उतरू दे आई, माझं तेवढं वर राहू दे," तो म्हणाला आणि पान्याला शेवटचा पिळा दिला. हात तरंगला. तो खोलीभर फिरला, वाकला, वळला. मशीन जागचं हललं नाही. गेल्या आठवड्याभरात पहिल्यांदाच त्याने मोकळा श्वास घेतला.

"झालं ना? मग द्या माझं मशीन. गिऱ्हाईक बाई शिवायला दिलेला झगा न्यायला येतेय," असं म्हणून बायकोने मशीनची दोरी सोडलीसुद्धा.

"अगं थांब! आधी मला स्प्रिंग..."

मशीन बायकोच्या हातात आलं आणि ओझं गेलेला हात सटकन वर उसळला. पिठाचा डबा छताला जाऊन आपटला. झाकण एकीकडे, डबा दुसरीकडे, आणि पीठ तिघांवर. काही वेळ कोणी कोणाला ओळखेना.

"एवढ्यासाठी मी उपाशी राहते का रे देवा," सासूबाई डोळ्यांतलं पीठ काढत म्हणाल्या. बायकोने केरसुणी आणली आणि ती आपटत आपटत सगळं पीठ भरून बाहेर टाकून आली.

दुसऱ्या दिवशी तो पाना घरी ठेवून सेटवर गेला. उगाच खिशात सापडायला नको. आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत शाल पांघरून मरायला तयार बसले होते. कॅमेरा दारातून निघून सावकाश त्यांच्या चेहऱ्यापर्यंत जाणार आणि तिथेच थांबणार, एवढंच काम. त्याने जाकीट चढवलं, मदतनीसांनी कॅमेरा दांड्यावर बसवला आणि तेवढ्यात दिग्दर्शक ओरडला, "उजेड छान आहे, चला!"

दोन पावलांतच त्याला कळलं. कॅमेरा वर जाऊ पाहत होता. त्याने हळूच खाली दाबला, तर चित्र थरथरलं. सोडला, तर पुन्हा वर. पाना घरी होता आणि आजोबांनी शेवटचे श्वास घ्यायला सुरुवात केली होती. त्याने दारापासून खुर्चीपर्यंत कसाबसा दम धरला, पण आजोबांची मान कलली आणि त्याच्या मनगटातला जीवही गेला. त्याने स्वतःचा हात सैल सोडला. होऊ दे काय व्हायचं ते.

कॅमेरा अगदी संथपणे निघाला. आजोबांचा चेहरा गेला, टक्कल गेलं, खुर्चीची पाठ गेली. खिडकीची वरची चौकट आली, मग उन्हाची तिरीप, मग कोरं छत. त्या छताकडे पाहत त्याने आपलं पुढचं आयुष्य बघून घेतलं. मेव्हण्याच्या अंगात हे जाकीट असेल आणि आपण लोकांचे पासपोर्टसाठी फोटो काढत बसू. बायको मशीन चालवेल आणि आपण बटणं लावू. हुंदका येत होता, पण तो दिला तर चित्र हललं असतं, म्हणून त्याने तोही गिळला.

"कट" कोणी म्हणेना. शेवटी त्याने मान वळवली. दिग्दर्शक रुमालात तोंड खुपसून रडत होता.

"आत्मा!" तो म्हणाला. "अहो, आत्मा गेला वर! मी कागदावर लिहिलं होतं 'आजोबा मरतात'. तुम्ही दाखवलंत कुठे जातात! कुठून सुचलं तुम्हाला?"

"घरीच," तो चाचरत म्हणाला. "वजन करताना."

आजोबांनी एक डोळा उघडला. "मी शेवटी चेहऱ्यावर बरंच काही केलं होतं. आलं का त्यातलं?"

"सुरुवातीचं आलंय, आजोबा."

चहावाल्याने त्या दिवशी त्याला बशीसकट चहा दिला आणि मजल्याची चौकशी केली नाही. निघताना दिग्दर्शकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या आजी जाणार, परवा काका. दोघेही असेच जायला हवेत, ह्याच गतीने, ह्याच उंचीवर. तसूभर फरक नको. फरक पडला तर काय, मेव्हणा आहेच."

तो तरंगतच घरी आला. आल्या आल्या, वर्षानुवर्षांच्या सवयीने, पाना घेऊन स्प्रिंगा पार सैल केल्या. आवळून ठेवल्या तर त्या थकतात. आवळायला कितीसा वेळ! मशीन, इस्त्री, पिठाचा डबा आणि काट्यावर अठरा.

दिवाणखान्यात मायलेकी गंभीर चेहऱ्याने बसल्या होत्या. मध्ये काटा होता.

"अहो, तुम्हाला एक सांगायचंय," बायको म्हणाली. "रागावू नका. आईचं खाणं आवरावं म्हणून मी मागे काट्याचं शून्य लावायचं चाक फिरवून तो थोडा पुढे केला होता."

"आणि मला ते कळलं," सासूबाई म्हणाल्या, "म्हणून मी तो मागे केला. जरा जास्तच मागे गेला असेल. आज हिने पकडलं मला. पण आता दोघींनी मिळून काटा अगदी शून्यावर आणलाय हो. आता तो खरं सांगतो."

चपला का दिसल्या, छत का दिसलं, सगळा उलगडा त्याला झाला. पण त्याचा आता काही उपयोग नव्हता. खऱ्या काट्यावर जुळवलेला हात कॅमेरा जिथल्या तिथे ठेवणार होता, आणि आजीचा आत्मा खुर्चीतच बसून राहणार होता.

"पीठ!" तो एकदम ओरडला. "मशीन आणि इस्त्री आहेच. डब्यात पीठ किती होतं?"

"कोण मोजतं?" बायको म्हणाली. "होतं ते काल बाहेर टाकलं."

"मग आई, काटा किती मागे केला होता तुम्ही? नेमका?"

"ते काय मोजून करतात? बघून मनाला बरं वाटेपर्यंत केला."

त्याने काटा उचलला, सासूबाईंच्या पायाशी ठेवला आणि हात जोडले. "आई, पाया पडतो. उभ्या राहा. मनाला बरं वाटेपर्यंत पुन्हा मागे करा."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेक खिडकीबाहेर बघत होती. सासूबाई चढल्या, उतरल्या, चाक फिरवलं, पुन्हा चढल्या. त्याने श्वास रोखून विचारलं, "वाटतंय का? कालच्याएवढं?"

सासूबाईंनी डोळे मिटून बराच वेळ अंदाज घेतला.

"नाही हो, जावईबापू. काल सकाळी हिच्या चोरून थोडं गोड खाल्लं होतं. रिकाम्या पोटी तेवढं बरं वाटत नाही."

बायको उठली, स्टूल घेतलं, फळीवरच्या भांड्यांमागे लपवलेला गोडाचा डबा काढला आणि झाकण उघडून आईच्या पुढ्यात ठेवला.