योहान मास्तरांची पायपेटी

गाता गाता आख्खं चर्च थांबवून पुन्हा पहिल्या ओळीपासून गायला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. योहान मास्तर. पाद्रीसाहेब वेदीपाशी डोळे मिटून उभे, लोक गीताच्या तिसऱ्या कडव्यात शिरलेले, आणि मास्तर पायपेटीवरचे हात उचलून मागे वळायचे.

"काहून रेंगाळून राहिले बाप्पा? देव का रिकामा बसला हाये? चला, फिरून पहिल्यापासून!"

पाद्री डोळे उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. मास्तरांपुढे त्यांचं काही चालत नसे.

हे अँग्लिकन चर्च भंडाऱ्यात आमच्या घरासमोरच होतं. साहेब लोकांनी स्वतःसाठी बांधलेलं, दगडी, एवढंसं. साहेब गेले, पुढे हे चर्च इतर काही ख्रिस्ती पंथांशी एक झालं, पण जुनी रीत मास्तरांनी जाऊ दिली नाही. भर मे महिन्यातही ते गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा झगा घालून यायचे. लहानपणी एका गोऱ्या पाद्र्याच्या मडमेनं त्यांना पायपेटी शिकवली होती. "मडम असं नव्हती वाजवत," म्हटलं की त्यांच्या लेखी वाद संपला. नव्या पाद्रींनी एकदा गाण्यासाठी ढोलक आणवली. मास्तरांनी तिला नमस्कार केला आणि म्हणाले, "लय चांगली हाये. भायेर ठेवा."

मी तहसील कचेरीत कारकून. संध्याकाळी गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचो. जनता सरकार आलं त्या सुमारास मास्तरांचे गुडघे गेले. एक दिवस काठी टेकत घरी आले.

"लांजेवार बाबू, मले तुमचे पाय पाह्यजेत. हात माहे, पाय तुमचे. तुमचा देव रागवन का?"

नाही म्हणवलं नाही. दर रविवारी त्यांच्या बाकावर अर्धा बसून मी पायाने भाता मारू लागलो आणि मास्तर वाजवू लागले. आमच्या सौभाग्यवतींना विषयच मिळाला. "देवळात हात जोडता अन् चर्चात पाय मारता. कोणता देव पावून राहिला तुमाले?"

चर्चला येणाऱ्यांची संख्या बोटांवर आली होती. तिसऱ्या बाकावर मास्तरांच्या पत्नी, रूथबाई, पदर गळ्याभोवती गुंडाळून बसायच्या. घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज कायमचा गेला होता. मास्तर त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहत नसत. मला ते जरा कोरडेपणाचं वाटे.

इतक्या जवळ बसल्यावर माझ्या कानाला एक गोष्ट खटकू लागली. ही गाणी चार आवाजांत बसवलेली असतात. पहिला आवाज म्हणजे मूळ चाल, बाकीचे तीन तिला साथ देतात. मास्तर तीनच वाजवायचे. दुसरा आवाज, बायांचा, खालच्या पट्टीतला, दर वेळी गाळलेला. मला वाटलं, बोटं आखडली असतील. बिचारे सांगत नाहीत.

मी घरी माझ्या पेटीवर ते सूर जुळवले. ईस्टरच्या रविवारी चर्च थोडं भरलेलं होतं. माझा उजवा हात मोकळाच होता. मोठ्या हुशारीनं मी ते गाळलेले सूर भरले.

मास्तरांचे हात थांबले. या वेळी मागे वळणं नाही, ओरडणं नाही. त्यांनी पायपेटीचं झाकण लावलं. बाकीची गाणी लोकांनी पेटीशिवायच म्हटली.

बाहेर कडुनिंबाखाली मी माफी मागितली.

"तो आवाज बुढीचा हाये, बाबू," मास्तर म्हणाले. "तीस वर्सं तोच गात आली. आताही गाते. ओठ हालतात तिचे, पाह्यले नाही कधी? मले पाठमोऱ्यानंही समजते. म्हणून तिची जागा मी रिकामी ठेवतो. आज तुमी तिच्या जागेवर जाऊन बसले, अन् बुढी गप झाली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या रविवारी चर्चला तोंड दाखवायचं नाही असं ठरवलं होतं, तर सकाळीच दारात काठी वाजली. "पाय घेऊन चला. टाइम झाला."

त्यानंतर दोन हिवाळे गेले आणि रूथबाई वारल्या. चर्चमध्ये शवपेटी मधोमध ठेवली होती. तिच्यावर झेंडूचा हार होता. पाद्रींनी त्यांच्या आवडीचं गीत सांगितलं. लोकांनी पुस्तकं उघडली, मी भाता मारू लागलो, मास्तरांनी सुरुवात केली, आणि कोणालाच चाल सापडेना. खालच्या पट्टीतले चार-दोन सूर, तिथल्या तिथे घुटमळणारे. लोक एकमेकांकडे पाहू लागले. पाद्री वाकून म्हणाले, "मास्तर, चाल चुकली." मागून कोणी पुटपुटलं, "बुढा भरमला."

मास्तर चुकले नव्हते. बाकीचे तिन्ही आवाज सोडून त्यांनी फक्त दुसरा धरला होता. पाचही कडवी त्यांनी तशीच वाजवली, एकेक सूर जपून. कोणी गायलं नाही. आणि मास्तरांनीही त्या दिवशी कोणाला पहिल्यापासून गायला लावलं नाही. मला समोरचं दिसेना. मी पाय मारत राहिलो.