मृगावतीचा पूल

एका जंगलात, मुलांनो, फार जुन्या काळचं एक पडकं नगर होतं. मृगावती त्याचं नाव. ते हरणांनी वसवलं होतं. आता तिथे चौथरे उरले होते, एक दगडी हौद उरला होता आणि नगराभोवतीचा खोल खंदक उरला होता. खंदकाच्या आत, तेव्हा जी थोडी हरणं वाचली त्यांचे वंशज अजूनही राहत. बाहेर वाघ राहत. त्यामुळे दोघांचंही बरं चाललं होतं. हरणांचं जरा जास्त बरं.

याच जंगलात शलाका नावाची सायाळ होती. ती चित्रपट काढायची. अंगावर काटे असल्यामुळे तिला कोणी खात नसे, म्हणून तिला कलेसाठी भरपूर वेळ मिळे.

शलाकेला मृगावतीवर चित्रपट काढायचा होता. मृगावती कशी संपली, ते हौदाच्या भिंतीवर कोरलेलं होतं. वाघांच्या राजाने शपथ घेतली की आम्ही आता गवतच खाणार. हरणांनी विश्वास ठेवला आणि खंदकावर पूल बांधला. त्याच्या पुढच्या चित्रात पूल होता, वाघ होते आणि हरणं नव्हती. ते चित्र पाहून शलाकेला त्या दिवशी घास गिळवला नव्हता. हे सगळ्यांना दाखवायचंच, असं तिने ठरवलं.

ती मधुमुख कोल्ह्याकडे गेली. जंगलातल्या सगळ्या चित्रपटांना पैसा तोच पुरवी.

"गोष्ट उत्तम आहे," मधुमुख म्हणाला. "फक्त सहकुटुंब बघता आली पाहिजे."

"म्हणजे कशी?"

"आजी आणि नातू शेजारी शेजारी बसले, तर दोघांपैकी कोणावरही विचार करायची वेळ येऊ नये. शेवटी हरणं मरतात, ते तेवढं काढा."

"पण ती मेली होती."

"मरू देत की. पडद्यामागे मरू देत."

शलाकेने विचार केला. पडद्यामागे तर पडद्यामागे. मरणं महत्त्वाचं, कुठे मेली ते नाही.

मग प्रचंडराव वाघ भेटायला आला. तो फार अदबीने बोलायचा.

"बाई, आमचीही लेकरं चित्रपट बघणार," तो म्हणाला. "आपला पणजोबा असा होता, हे त्यांनी चारचौघांत बघावं का?"

"त्यांनी अख्खं नगर खाल्लं होतं, प्रचंडराव."

"खाल्लं असेल. आम्ही कुठे नाही म्हणतो? पण कुटुंबासमोर कशाला?" असं म्हणून त्याने डोळे पुसले. वाघाचे डोळे पाणावलेले शलाकेने कधी पाहिले नव्हते. तिला भरून आलं. तिने वाघ गवत खाताना दाखवायचं कबूल केलं.

आता हरणं तरी चिडतील, असं तुम्हाला वाटेल. हरणं चिडली, मुलांनो. त्यांचा म्होरक्या शृंगराव चितळ तावातावाने आला.

"आमचे पूर्वज फसले, असं तुम्ही दाखवणार म्हणे. जगातली सगळ्यात पुढारलेली संस्कृती होती आमची. त्यांची शिंगं सोन्याने मढवलेली दाखवा. आणि ते जिंकले असं दाखवा."

"कोणाला जिंकले?"

शृंगरावाने क्षणभर विचार केला. "तसं कोणाला नाही," तो म्हणाला. "उगाच कोणाचं मन कशाला दुखवायचं?"

असा तो चित्रपट तयार झाला. त्यातल्या प्राचीन काळी कोणी काम करत नव्हतं. सगळे न्हाऊनमाखून रस्त्यात उभे होते. हौदात बदकं नाचत होती. एक खार दर पाच मिनिटांनी आजकालचे विनोद करत होती, कारण खारीशिवाय पोरं बसत नाहीत, असं मधुमुखाचं मत होतं. खऱ्या हौदाची भिंत पडद्यावर खरी वाटेना, म्हणून थर्माकोलची उभारली. शेवटी वाघ आणि हरणं मिळून खंदकावर मैत्रीचा पूल बांधतात आणि त्यावर फेर धरतात. 'ही कथा काल्पनिक आहे' अशी पाटी सुरुवातीला होती. तेव्हा सगळे आपापल्या जागा शोधत होते.

पहिल्या खेळाला शलाका मान खाली घालून बसली. मग टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेनात, तशी तिची मान हळूहळू वर आली.

"पोरांना इतिहासही कळला आणि पोरं गप्पही बसली," आईबाप एकमेकांना सांगू लागले.

पाडसांना तर वेडच लागलं. ती दिवसभर पूल पूल खेळू लागली. मग मोठ्यांनाही वाटलं, आपल्या पूर्वजांनी बांधला होता, तर आपण का बांधू नये? शृंगरावाने ओंडके आणवले. काम सुरू झालं. कोनशिला बसवायला शलाकेला बोलावलं.

तिथे तमसा नावाची एक म्हातारी हरिणी पुढे आली.

"बाई, मी त्या हौदावर रोज पाणी पिते," ती म्हणाली. "भिंतीवर वेगळंच आहे. भिंत खरी, की तुमचा चित्रपट खरा?"

ओंडके वाहणारी हरणं थांबली. सगळी शलाकेकडे बघू लागली. खरं सांगितलं तर पूल थांबला असता. पण चित्रपटही थांबला असता. तो अजून गर्दीत चालला होता.

"भिंत फार जुनी आहे हो," ती म्हणाली.

हरणं समाधानाने हसली. "तमसाआजी, तुम्ही ना, नेहमी वाईटच बघता," शृंगराव म्हणाला. त्याच दुपारी तमसा एकटीच खंदकावर नुकत्याच टाकलेल्या ओंडक्यावरून धडपडत पलीकडे गेली आणि डोंगराकडे निघून गेली. तिला कोणी थांबवलं नाही.

पुलाच्या उद्घाटनाला वाघ बायकापोरांसह आले. तोंडं धुऊन, मिशा विंचरून आले. हरणांनी चित्रपटातलं गाणं म्हटलं. दुसरं कडवं मात्र पुरं झालं नाही.

शलाका मधोमध काटे फुलवून डोळे मिटून उभी होती. तिला कोणी धक्कासुद्धा लावला नाही. सगळं शांत झाल्यावर प्रचंडराव तिच्यापाशी आला. त्याने पानाने तोंड पुसलं.

"बाई, पोरं फार खूश आहेत," तो म्हणाला. "डोंगरापलीकडे म्हणे सांबरांचं एक जुनं नगर आहे. त्यांचाही इतिहास दाखवा की."

शलाकेने डोळे उघडले. रिकाम्या नगराकडे तिने एकदा बघितलं. मग तिने विचारलं, "खार हीच ठेवायची का?"

तात्पर्य : चित्रपट नेहमी सहकुटुंब बघता येईल असाच काढावा. त्यावर कोणाचं तरी कुटुंब पोटभर जेवतं.